जुना स्टिरिओ संच घरी जोडताना: विजेपासून सुईपर्यंत

अल्लादिया खाँसाहेबांची गायकी जिथे रुजली त्या कोल्हापुरात रेकॉर्डी जपणारी घरं कमी नाहीत. पेठेतल्या वाड्यात, राजारामपुरीतल्या बंगल्यात, ताराबाई पार्कातल्या फ्लॅटच्या माळ्यावर अजूनही सान्सुई, पायोनियर, अकाई, फिलिप्स, कॉस्मिक, सोनोडाइन यांचे संच चादरीत गुंडाळलेले सापडतात. कुणाच्या काकांनी आखातातून आणलेले, कुणी मुंबईहून घेतलेले. असा संच खाली उतरवला की पहिली इच्छा होते ती प्लग खुपसून रेकॉर्ड लावायची. तिथंच थांबा. ॲम्प्लिफायर जळतो किंवा स्पीकरची कॉइल जाते ती बहुधा या पहिल्या अर्ध्या तासात. कारणही ठरलेली असतात: चुकीचं व्होल्टेज, चुकीचा भार, नाहीतर भलत्याच सॉकेटात घातलेली वायर.

खालचा क्रम मुद्दाम लावलेला आहे. आधी वीज, मग एकटा ॲम्प्लिफायर, मग स्पीकर, मग साधे सोर्स (मोबाइल, सीडी, टेप अशी आवाज पुरवणारी यंत्रं) आणि टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवणारं यंत्र) सर्वांत शेवटी. सगळं एकदम जोडलं आणि घुंई आवाज आला, तर तो पाच यंत्रांपैकी कुणाचा हे शोधण्यात दिवस जातो. एकेक जोडलं तर शेवटी जोडलेलंच दोषी, इतकं ते सोपं होतं.

हाताशी एवढं ठेवा: साधा डिजिटल मल्टिमीटर (हजार रुपयांच्या आतला चालतो), ६० आणि १०० वॅटचे जुन्या पद्धतीचे तारेचे बल्ब, एक होल्डर, १.५ व्होल्टचा सेल, दीड स्क्वेअर एमएमची दोन पदरी स्पीकर वायर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूसकाड्या आणि लहान पाणसळ. टर्नटेबल असेल तर सुईचा भार मोजणारा छोटा काटाही घ्या.

वीज: मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग नाही

यंत्राच्या पाठीवर धातूची किंवा छापील पट्टी असते. त्यावर व्होल्ट, हर्ट्झ आणि वॅट हे तीन आकडे असतात. आपल्या घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ येतात. पट्टीवर २२०, २३० किंवा २४० असेल तर प्रश्न नाही. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर संच अमेरिकेतला. १०० व्होल्ट असेल तर जपानच्या देशी बाजारातला. हे दोन्ही थेट भिंतीतल्या प्लगला लावले तर फ्यूज उडणं ही नशिबाची गोष्ट म्हणायची, कारण पुष्कळदा त्याआधी ट्रान्सफॉर्मर जातो.

निर्यातीसाठी बनलेल्या जपानी संचांना मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो: ११०, १२०, २२०, २४०. तो खरोखर कुठे आहे ते बॅटरीच्या उजेडात पाहा. पट्टीवर सर्व आकडे छापलेले असले तरी सिलेक्टर एकाच जागी असतो. २२० आणि २४० असे दोन्ही पर्याय असतील तर २४० घ्या. आपल्याकडे रात्री भार कमी झाला की व्होल्टेज चढतं. २४० वर ठेवलेला ट्रान्सफॉर्मर आत थोडं कमी व्होल्टेज देतो आणि जुन्या कपॅसिटरांना तेच मानवतं. सिलेक्टर १२० वरून २४० वर नेला की आत येणारा करंट निम्मा होतो, म्हणून मुख्य फ्यूजही निम्म्या ॲम्पिअरचा घालावा लागतो. ही गोष्ट हमखास राहून जाते.

सिलेक्टर नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. पट्टीवरच्या वॅटच्या दुप्पट क्षमता धरा: २०० वॅटला ४०० ते ५०० व्हीए. जपानी १०० व्होल्टच्या संचाला १०० चाच ट्रान्सफॉर्मर बनवून घ्या. बाजारात सहज मिळतो तो ११० चा असतो. घरात २४५ व्होल्ट आले की तो सुमारे ११७ देतो, म्हणजे संचाला हवं त्यापेक्षा सतरा टक्के जास्त. काही महिने चालेल, मग उन्हाळ्यात एखाद्या संध्याकाळी वास येईल.

बऱ्याच जुन्या रिसिव्हरांच्या (आतच रेडिओ असलेल्या ॲम्प्लिफायरांच्या) पाठीवर टर्नटेबल किंवा ट्यूनर (सुटा रेडिओ) लावायला दोन वीज-सॉकेट दिलेली असतात. १२० व्होल्टच्या रिसिव्हरवर तिथे १२० व्होल्टच मिळतात. त्यात आपल्या इथलं २३० चं यंत्र लावू नका. आणि २३० वर चालणाऱ्या रिसिव्हरच्या सॉकेटात १२० चं टर्नटेबल तर अजिबात नको.

आता अर्थिंग. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्यांत कितीतरी ठिकाणी वायरिंग दोन पिनांचंच आहे, किंवा तीन पिनांचं सॉकेट बसवलंय पण अर्थची तार कुठेच जात नाही. वायरमनकडून मोजून घ्या: फेज आणि अर्थमध्ये सुमारे २३० व्होल्ट यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीनपेक्षा जास्त नकोत. धातूच्या पेटीचा जुना संच अर्थशिवाय चालवला की हात लावल्यावर मुंग्या येतात. हमिंग (स्पीकरमधली सततची घुंई) घालवायला अर्थची पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. हमिंग दुसऱ्या मार्गाने जातं, त्याचं पुढे येईल.

इन्व्हर्टरबद्दल थोडं. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि स्पीकरमधून बारीक भुणभुण येते. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर येत नाही. वीज गेली असताना ऐकायचंच असेल तर तेवढा फरक बघून घ्या.

सिरीज बल्ब: पहिलं चालू करणं

दहा-वीस वर्षं बंद असलेला संच थेट २३० वर लावायचा नाही. एक लाकडी किंवा प्लॅस्टिकचा बोर्ड घ्या. फेजची तार होल्डरमधून जाऊन मगच सॉकेटला पोहोचेल अशी जोडणी करा. न्यूट्रल आणि अर्थ सरळ सॉकेटला. विजेची सवय नसेल तर हा बोर्ड वायरमनकडून बनवून घ्या, त्याला अर्धा तास लागतो. यात तारेचाच बल्ब हवा. एलईडीचा इथे काही उपयोग नाही, कारण बल्बने जादा करंट अडवणं हेच इथलं काम आहे आणि ते फक्त तापणारी तार करते. चाळीस वॅटपर्यंतच्या ॲम्प्लिफायरला ६० चा बल्ब, मोठ्याला १०० चा. स्टेप-डाउन वापरत असाल तर बल्ब त्याच्या अलीकडे, २३० च्या बाजूला यायला हवा.

स्पीकर, सोर्स, काहीही न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून ॲम्प्लिफायर चालू करा. निरोगी संचात बल्ब क्षणभर लखलखतो आणि मंद होतो: कपॅसिटर भरले. बल्ब पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. पाच सेकंदांत बंद करा आणि संच मेकॅनिककडे न्या. बल्बने फ्यूज, ट्रान्सफॉर्मर, ट्रान्झिस्टर तिन्ही वाचवलेले असतात. मंद झाला तर तासभर तसंच राहू द्या. वास, धूर, फुगलेला कपॅसिटर यावर लक्ष ठेवा. यात प्रोटेक्शनचा रिले (स्पीकर जोडणारा आतला आपोआप चालणारा स्विच) 'टिक' करून लागला नाही तरी घाबरू नका. बल्बमुळे व्होल्टेज कमी पडतं, म्हणून पुष्कळदा तो उठतच नाही. ज्यांच्याकडे डिमरस्टॅट (व्होल्टेज हळूहळू वाढवता येणारा ट्रान्सफॉर्मर) आहे त्यांनी ५० व्होल्टपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने वर जावं. जुन्या कपॅसिटरांसाठी ते आणखी चांगलं.

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला वरचा नियम उलटा लागू होतो: तो स्पीकरशिवाय किंवा त्या जागी योग्य ओमचा जाड रेझिस्टर जोडल्याशिवाय कधीच चालू करायचा नाही. भार नसताना सिग्नल गेला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत ठिणगी पडते आणि तो पुन्हा वाइंड करून घेणं सोपं नाही. शिवाय आत ३०० ते ४०० व्होल्ट डीसी बंद केल्यावरही रेंगाळतात. त्याची पेटी घरी उघडू नका.

बल्बची परीक्षा झाली की ट्रान्झिस्टरचा संच सरळ मेन्सवर लावा, पण स्पीकर अजून नाहीत. पाच-दहा मिनिटं तापू द्या. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल-काळ्या स्पीकर टर्मिनलांवर टेकवा. आकडा लहान असेल तर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर या. ५० मिलिव्होल्टच्या आत उत्तम. १०० च्या वर गेला तर ॲडजस्टमेंट किंवा दुरुस्ती हवी. काही व्होल्ट दिसले तर स्पीकर जोडू नका, कारण डीसी करंट कॉइलमधून वाहत राहतो, कोन (स्पीकरचा पुढचा हलणारा पडदा) एका बाजूला ताणून ठेवतो आणि कॉइल जाळतो. दोन्ही चॅनेल मोजा. बहुधा एकच बिघडलेला असतो.

आता साफसफाई. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते आणि स्विचचे चांदीचा मुलामा असलेले संपर्क काळे पडतात. व्हॉल्यूम फिरवताना खरखर, सिलेक्टर हलवला की एक बाजू गायब, ही सगळी त्याचीच लक्षणं. प्लग काढून, अर्धा तास थांबून, कंट्रोलच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि प्रत्येक नॉब, प्रत्येक बटण वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा. टेप मॉनिटर, मोनो, लाउडनेस ही बटणंही विसरू नका. गंज सोडवायला जे साधं तेलकट स्प्रे वापरतात ते इथे नको. त्यावर धूळ बसते आणि वर्षभरात पहिल्यापेक्षा वाईट खरखर सुरू होते.

स्पीकर

जुन्या स्पीकरची आधी पुढची जाळी काढा आणि कोनच्या कडेचा फोम बोटाने अगदी हलके दाबा. फोमच्या कडा दमट हवेत पंधरा-वीस वर्षांत भुसा होतात. भुसा झाला असेल तर वाजवू नका. रीफोम होऊ शकतं, म्हणजे कडेला नवा फोम बसवता येतो. रबर किंवा कापडाच्या कडा बहुधा ठीक असतात.

मीटर ओमवर ठेवून स्पीकरची टर्मिनलं मोजा. ८ ओमचा स्पीकर ६ ते ७ दाखवतो, ४ ओमचा ३ ते ३.५. शून्य आलं तर आत शॉर्ट आहे, काहीच आलं नाही तर आत काही तुटलंय. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर '४ ते १६' किंवा '८ ते १६' असं लिहिलेलं असतं. ज्यावर ८ हा खालचा आकडा आहे त्याला ४ ओमचे स्पीकर लावायचे नाहीत. हळू आवाजात काही कळत नाही. गणपतीत आवाज वाढवला की आउटपुट ट्रान्झिस्टर तापून जातात. 'ए' आणि 'बी' दोन्ही जोड्या एकदम चालू केल्या की बहुतेक संचांत ८ आणि ८ मिळून ४ होतात. मॅन्युअलमध्ये 'ए+बी' साठी वेगळा आकडा दिलेला असतो तो यामुळेच.

वायर दीड स्क्वेअर एमएमची पुरते. पाच मीटर अंतराला जाऊन-येऊन दहा मीटर तांबं, म्हणजे सुमारे ०.१२ ओम, ८ ओमपुढे ते नगण्य आहे. आठ-दहा मीटर जायचं असेल किंवा स्पीकर ४ ओमचे असतील तर अडीच स्क्वेअर घ्या. त्यापुढचा पैसा वायरवर घालू नका, तो नव्या सुईवर घाला. टोकाची दहा मिलिमीटर साल काढा, पीळ द्या आणि एकही केस बाहेर राहू देऊ नका. तो एक केस शेजारच्या टर्मिनलला टेकला की शॉर्ट. स्क्रू टर्मिनलसाठी टोकाला शिसं लावू नका: दाबाखाली शिसं हळूहळू सरकतं आणि स्क्रू सैल पडतो.

लाल लालला, काळी काळीला, दोन्ही बाजूंना सारखं. एका स्पीकरची उलटी लागली तर आवाज येतो, पण तबल्याच्या बायाँचं वजन जातं आणि गायक खोलीच्या मध्यावर उभा न राहता भिंतींना चिकटतो. टर्मिनलांवर खुणा नसतील तर १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलची धन बाजू जिथे टेकली ते टर्मिनल धन. जेबीएलच्या बऱ्याच जुन्या युनिटांत हे उलटं असतं: काळ्यावर धन दिलं की कोन बाहेर येतो. दोन्ही स्पीकर त्याच जातीचे असतील तर त्याने काही बिघडत नाही, वेगळी जोडी मिसळली तरच बघावं लागतं. फिलिप्स, ग्रुंडिग अशा युरोपीय संचांना स्पीकरसाठी दोन पिनांचा डिन (जुन्या युरोपीय मानकाचा) प्लग लागतो. त्यातली गोल पिन धन, चपटी पिन ऋण.

मागचं पॅनेल: प्रत्येक भोकाची भूक वेगळी

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या ॲम्प्लिफायरला 'ऑक्स', 'ट्यूनर', 'टेप' या सॉकेटांत साधारण १५० मिलिव्होल्ट दिले की तो पूर्ण आवाज देतो. 'फोनो' मध्ये, म्हणजे टर्नटेबलच्या सॉकेटात, तेच काम अडीच मिलिव्होल्टांत होतं. म्हणजे फोनो साठपट संवेदनशील. म्हणून मोबाइल, टीव्ही, सीडी यातलं काहीही फोनोत घातलं की आवाज फाटतो, घुमतो, आणि स्पीकरही धोक्यात येतो. उलट टर्नटेबल ऑक्समध्ये घातलं की दूरच्या खोलीतून आल्यासारखा पातळ, बेसशिवायचा आवाज येतो. बाकी ऑक्स, ट्यूनर आणि टेप-प्ले ही तिन्ही सॉकेटं बहुतेक संचांत एकसारखीच असतात. ट्यूनर नसेल तर तिथे सीडी प्लेअर बिनधास्त लावा.

एक अडचण मात्र येते. सीडी प्लेअर किंवा आजकालचा डॅक (डिजिटल सिग्नलचा साधा ऑडिओ सिग्नल करणारी पेटी) २ व्होल्ट देतो. दीडशे मिलिव्होल्टच्या जागी ते तेरापट आहे. व्हॉल्यूम जरा हलवला की घर दणाणतं, आणि व्हॉल्यूमच्या पोटेन्शिओमीटरच्या त्या पहिल्या भागात डावी-उजवी बाजू नीट जुळतही नाही. उपाय दोन रेझिस्टरांचा. प्रत्येक चॅनेलच्या मधल्या तारेत ३३ किलोओम सिरीजमध्ये घाला आणि त्याच्या ॲम्प्लिफायरकडच्या टोकापासून ग्राउंडला १० किलोओम. ५० किलोओमच्या इनपुटवर २ व्होल्टचे ०.४ होतात. पाव वॅटचे एक टक्का अचूकतेचे रेझिस्टर आणि आरसीएच्या (मध्ये एकच पिन असलेल्या गोल ऑडिओ प्लगच्या) चार कनेक्टरांत हे काम होतं.

मोबाइलसाठी ३.५ मिलिमीटरची स्टिरिओ पिन एका टोकाला आणि दोन आरसीए दुसऱ्या टोकाला अशी केबल. मोबाइलचा आवाज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवा, बाकीचं ॲम्प्लिफायरवर. ब्लूटूथ रिसिव्हर लावला आणि बारीक शिट्टी ऐकू आली तर त्याचा चार्जर बदला किंवा पॉवर बँकेवर चालवून बघा. शिट्टी बहुधा चार्जरमधून येते.

पाच पिनांचं गोल डिन सॉकेट बघून लोक हताश होतात, पण त्याची रचना ठरलेली आहे. मधली पिन, क्रमांक २, ग्राउंड. ॲम्प्लिफायरच्या टेप सॉकेटात ३ आणि ५ वरून डावा-उजवा आवाज आत येतो, १ आणि ४ वरून रेकॉर्डिंगसाठी बाहेर जातो. टर्नटेबलच्या डिनमध्येही ३ डावी, ५ उजवी. म्हणून आरसीएकडे जाणारी केबल विकत घेताना ती ३-५ ला जोडलीय की १-४ ला, हे मीटरने बघा. निम्म्या वेळी 'आवाजच येत नाही' ही तक्रार इथली असते. डिनचा रेकॉर्डिंग सिग्नल फार बारीक असतो, त्यामुळे जपानी डेकच्या 'लाइन इन'ला तो पुरत नाही.

कॅसेट किंवा स्पूल डेक: ॲम्प्लिफायरचा 'रेक आउट' डेकच्या 'लाइन इन'ला, डेकचा 'लाइन आउट' ॲम्प्लिफायरच्या 'टेप प्ले'ला. ऑक्सला नको, नाहीतर रेकॉर्ड करताना आवाज स्वतःच्याच शेपटीमागे फिरतो आणि शिट्टी वाजते.

टर्नटेबल

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

पहिला प्रश्न: कार्ट्रिज (सुई धरणारा आणि तिच्या थरथरीचा सिग्नल करणारा छोटा भाग) कुठलं? मूव्हिंग मॅग्नेट म्हणजे एमएम, साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट देतं. ॲम्प्लिफायरचं फोनो सॉकेट याच्यासाठीच बनलेलं आहे. मूव्हिंग कॉइल म्हणजे एमसी, बहुतेक ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट, त्याला वेगळा स्विच, हेड ॲम्प किंवा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो. तिसरं सिरॅमिक किंवा क्रिस्टल, आपल्याकडच्या जुन्या पेटीवजा रेकॉर्ड प्लेअरांत सर्रास दिसणारं. ते शेकडो मिलिव्होल्ट देतं आणि भार चार-सहा ग्रॅमचा मागतं. याला फोनोत घालायचं नाही. ऑक्समध्ये घातलं तर आवाज येतो पण बेस जातो, कारण त्याला दहा लाख ओमच्या आसपासचा भार हवा असतो आणि ऑक्स पन्नास हजारच देतो. मध्ये एक मेगाओम इनपुटचा लहानसा एफईटी बफर घातला की ते सुधारतं.

फोनो सॉकेट सिग्नल नुसता मोठा करत नाही. रेकॉर्ड कापताना खालचे सूर दाबलेले आणि वरचे उचललेले असतात. वाजवताना ते उलटं करावं लागतं. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून याचं आरआयएए हे प्रमाण सर्वत्र रूढ झालं. त्यात २० हर्ट्झला जवळपास २० डेसिबल वाढ आणि २० किलोहर्ट्झला तितकीच घट मिळते. आजकालच्या टर्नटेबलांत हे काम करणारा प्री-ॲम्प आतच असतो आणि मागे 'फोनो / लाइन' असा स्विच असतो. स्विच 'लाइन'वर असेल तर केबल ऑक्सला, 'फोनो'वर असेल तर फोनोला. दोन्ही ठिकाणी प्री-ॲम्प लागला तर आवाज चिरकतो. जुन्या ॲम्प्लिफायरचा फोनो चांगल्या स्थितीत असेल तर स्विच 'फोनो'वर ठेवा. बहुतेक वेळा तोच सरस निघतो.

केबल आखूड ठेवा. एमएम कार्ट्रिजला ४७ किलोओम आणि ठरावीक पिकोफॅरडचा भार लागतो. ऑडिओ-टेक्निकाची बरीच एमएम कार्ट्रिजं १०० ते २०० मागतात, शुअरचं एम९७एक्सई २०० ते ३००. यात टर्नटेबलची तार, केबल आणि ॲम्प्लिफायरचं इनपुट सगळं धरायचं. साधी केबल मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड घालते. म्हणून शोभेसाठी ॲम्प्लिफायर पलीकडच्या भिंतीला ठेवून तीन मीटरची केबल टाकली की 'स' आणि 'श' टोचायला लागतात. सव्वा मीटरच्या आत राहा. लांब न्यायचीच असेल तर स्पीकर वायर लांबवा.

बारीक सुटी तार, टोकाला चिमटा असलेली, ती ग्राउंडची. ॲम्प्लिफायरच्या 'जीएनडी' स्क्रूला लावा. ती राहिली तर हमखास घुंई. भिंतीतल्या अर्थला मात्र ती जोडायची नाही. हेडशेलमधल्या (कार्ट्रिज धरणाऱ्या टोकाच्या भागातल्या) चार तारांचे रंग: पांढरा डावा धन, निळा डावा ऋण, लाल उजवा धन, हिरवा उजवा ऋण. चिमट्याने पिना बसवताना कार्ट्रिज हेडशेलमधून सोडवून घ्या आणि सुईवर टोपण ठेवा.

टर्नटेबल पाणसळीने दोन्ही दिशांना सपाट करा. टोनआर्म (सुईचा हात) हवेत तरंगेल इतका मागचा काउंटरवेट फिरवा, तिथे आकड्याची कडी शून्यावर आणा, मग कार्ट्रिजच्या कागदावरचा भार द्या. एमएमना बहुधा दीड ते दोन ग्रॅम. काट्यावर मोजून खात्री करा. अँटी-स्केटिंग (सुईची मध्याकडे ओढ रोखणारी सेटिंग) तेवढंच. कमी भार दिला की रेकॉर्ड सुरक्षित राहते असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि त्या उड्यांनीच भिंती खरचटतात.

जागा: ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून दीड-दोन फूट दूर, स्पीकरच्या फळीवर कधीच नाही. वाड्यातल्या माडीची जमीन लाकडी असते. पाऊल टाकलं की सुई उडते. तिथे दगडी किंवा विटांच्या भिंतीत ब्रॅकेट ठोकून फळी लावणं हाच खरा उपाय.

परदेशी टर्नटेबलात ट्रान्सफॉर्मर लावूनही एक गोष्ट उरते. एसी सिंक्रोनस मोटर विजेच्या हर्ट्झवर फिरते, व्होल्टवर नाही. ६० हर्ट्झची मोटर आपल्या ५० वर चालवली की ३३⅓ च्या जागी २७.८ फेरे होतात. गुणोत्तर ५/६, म्हणजे 'सा' बरोबर मंद्र शुद्ध धैवतावर उतरतो. गाणाऱ्या कानाला हे पहिल्या आलापात कळतं. डीसी मोटरच्या किंवा क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्हच्या टर्नटेबलांना हा त्रास नाही. बाकींना पुली बदलावी लागते, आणि कोल्हापुरात ते अवघड नाही: उद्यमनगरात लेथवर पितळेची पुली कातून मिळते. फक्त नाप बरोबर द्या. बेल्टची जाडी हिशेबात धरावी लागते. पुलीचा व्यास १२ मिलिमीटर आणि बेल्ट अर्धा मिलिमीटर असेल तर १२.५ गुणिले १.२ म्हणजे १५, त्यातून अर्धा वजा, नवा व्यास १४.५. पुलीवर ४५ चा वेगळा टप्पा असेल तर त्यालाही हाच हिशेब. मधलं भोक आणि बाहेरचा घेर एकाच बांधणीत कातायला सांगा, नाहीतर पुली डगडगते आणि लांब सूर थरथरतो. वेग तपासायला ५० हर्ट्झची स्ट्रोब तबकडी घ्या. ३३⅓ साठी तिच्या कड्यात १८० रेघा असतात. तारेच्या किंवा निऑनच्या दिव्याखाली रेघा थांबलेल्या दिसल्या की वेग बरोबर.

केसरबाईंच्या, मोगूबाईंच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असतील तर एलपीची सुई त्यावर टेकवू नका. ७८ ची खाच रुंद असते, तिला साधारण तीन हजारांश इंचाची सुई लागते. एलपीची सुई त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपासची, ती तळाशी घासत जाते आणि नुसती करकर देते. ॲम्प्लिफायरचं 'मोनो' बटण दाबा, निम्मी खरखर तिथेच कमी होते. ट्रेबल कानाने ठरवा, कारण या तबकड्या आरआयएएच्या आधीच्या आहेत. आणि लाखेच्या या तबकड्या अल्कोहोलने कधीही पुसू नका. लाख त्यात विरघळते. विनाइलला चालणारा द्रव इथे वर्षांनुवर्षं जपलेलं गाणं एका पुसण्यात नेतो.

ट्यूनर

आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ मेगाहर्ट्झवर आहे. जपानच्या देशी बाजारातल्या जुन्या ट्यूनरांचा एफएम पट्टा ७६ ते ९० असतो, त्यामुळे त्यावर हे केंद्र लागणारच नाही. घेण्याआधी डायल वाचा. अँटेना म्हणून ३०० ओमची चपटी तार 'टी'च्या आकारात, आडवी बाजू १.४ मीटर, भिंतीला लावा. अमेरिकी ट्यूनरवर आवाज किंचित मंद वाटतो, कारण तिथलं डी-एम्फसिस (प्रसारणात उचललेले वरचे सूर परत खाली आणण्याचं माप) ७५ मायक्रोसेकंद आणि आपल्याकडचं ५०. ट्रेबल थोडा वाढवला की झालं.

आवाजच नाही, एकच बाजू, घुंई

आवाज नसेल तर सर्वांत आधी 'टेप मॉनिटर'चं बटण बघा. ते दाबलेलं असेल आणि डेक जोडलेला नसेल तर संच मुका होतो. मग पाठीवर 'प्री आउट' आणि 'मेन इन' यांच्यामध्ये यू आकाराच्या धातूच्या पट्ट्या आहेत का ते पाहा. त्या हरवल्या असतील तर दोन आखूड आरसीए केबल तिथे लावा. स्पीकर सिलेक्टर 'ऑफ'वर नाही ना, तेही.

घुंई ऐकताना व्हॉल्यूम शून्यावर न्या. घुंई तशीच राहिली तर ती पॉवर सप्लायची, आणि ती १०० हर्ट्झची, थोडी वरच्या सुरातली असते. फिल्टर कपॅसिटर बदलायची वेळ झाली. व्हॉल्यूमबरोबर कमी झाली तर ती आत येणाऱ्या वायरीतून येतेय, बहुधा ५० हर्ट्झची, खोल. सगळे सोर्स काढा आणि एकेक लावत जा. केबल टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सची तार जोडली की घुंई सुरू होते, असं खूपदा आढळतं. तिथे टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटमधून डॅकमार्गे आवाज घेतला की विजेचा संबंधच तुटतो. फक्त फोनोवर घुंई असेल तर ग्राउंडची तार, हेडशेलचे काळे पडलेले संपर्क, आणि टर्नटेबलखाली दडलेला एखादा चार्जर, या क्रमाने पाहा.

एक बाजू बंद असेल तर अदलाबदल करा. आधी सोर्सकडून आलेल्या दोन आरसीए पिना ॲम्प्लिफायरच्या पाठीवर एकमेकींच्या जागी. बंद बाजू सरकली तर दोष सोर्समध्ये किंवा केबलमध्ये. सरकली नाही तर संच बंद करून स्पीकरच्या तारा अदलाबदल करा. आता सरकली तर ॲम्प्लिफायर, नाही सरकली तर स्पीकर. ॲम्प्लिफायर निघाला तरी लगेच मेकॅनिककडे धावू नका. सिलेक्टर, टेप मॉनिटर, मोनो आणि बॅलन्स पुन्हा एकदा क्लीनर मारून तीस-तीस वेळा फिरवा, आणि स्पीकरचा रिले असेल तर आवाज वाढवल्यावर बाजू परत येते का ते ऐका. आली तर रिलेचे संपर्क काळे पडलेत. मेकॅनिकला नेमकं तेवढंच सांगा आणि त्याच व्होल्टेजचा, त्याच पिनांचा नवा रिले बसवून घ्या.